बाद पोत्यातला जोड

आमच्या घरात माणसं पायांवरून ओळखली जायची. दुकानात कोणी येऊन गेलं आणि अम्मीनं आतून विचारलं, "कोण होतं?" की अब्बा नावाच्या आधी सांगायचे, "तो, डाव्या टाचेवर जोर देणारा." नगरमध्ये भिंगारच्या रस्त्याला आमचं डिस्पोजलचं दुकान होतं. लष्करानं काढून टाकलेला माल लिलावात घ्यायचा, निवडायचा, दुरुस्त करायचा आणि विकायचा. बूट, पट्टे, खांद्यावरच्या हॅवरसॅक, बनातीचं आवरण असलेल्या पाण्याच्या बाटल्या, जमिनीवर अंथरायच्या ग्राउंडशीट, कांबळी. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. त्यामुळे आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, कधीकधी डाळीलासुद्धा कातड्याचा, पॉलिशचा आणि सोल चिकटवायच्या सोल्युशनचा वास असे. अम्मी फाटक्या हॅवरसॅक शिवायची. साधं कापड शिवताना तिचं यंत्र सरसर चालायचं, पण कॅनव्हासची दुहेरी शिवण आली की ते अडखळत, दम खात चालायचं. त्या आवाजावर मी अभ्यास केला. अजूनही अगदी शांत खोलीत माझं वाचनात लक्ष लागत नाही.

घरी आम्ही दखनी बोलायचो. इथं मी सगळं मराठीत लिहिते आहे, कारण मी लिहायला शिकले ती मराठीत, आणि पुढे आयुष्यभर शिकवलं तेही मराठीतच. अब्बा गिऱ्हाइकाशी मराठी बोलत, आणि बुटाशी काहीच बोलत नसत. नवा लॉट आला की ते अंगणात पोतं उपडं करायचे आणि एकेक बूट हातात घ्यायचे. चवडा वाकवून बघायचे. पिळून बघायचे. सोलच्या कडेत अंगठ्याचं नख रोवायचे. कान जवळ नेऊन पुन्हा वाकवायचे, कारण कुजलेली शिलाई तुटायच्या आधी बारीक चरचरते, असं त्यांचं म्हणणं. बूट वापरून खराब होतो त्यापेक्षा गोदामात पडून जास्त खराब होतो, आणि वरून तसूभरही कळत नाही. असा जोड सापडला की ते बुटाच्या लेसखालच्या जिभेच्या आतल्या बाजूला खडूनं फुली मारायचे आणि कोपऱ्यातल्या पोत्यात टाकायचे. त्या पोत्याला आम्ही 'बाद' म्हणायचो. त्यातलं कातडं ठिगळांना आणि वॉशर कापायला जायचं. बादमधलं काही गिऱ्हाइकाच्या पायात जाता कामा नये, हा घरातला एकच नियम असा होता की तो मोडला तर मार बसेल असं मला वाटायचं. मी तो मोडला. मार बसला नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आम्हाला भूगोल शिकवायला सुपेकर बाई होत्या. उंच, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा, आणि चालणं असं की व्हरांड्यातून गेल्या तर आम्हाला पळावं लागे. नकाशावरचा डोंगर पायाखाली आल्याशिवाय कळत नाही, असं म्हणून त्या मुलींना रविवारी डोंगरावर न्यायच्या. सकाळी जायचं, दिवस मावळायच्या आत घरी. त्या काळी मुलींचं असं जाणं सोपं नव्हतं. आमच्या घरून परवानगी मिळाली ती बाई स्वतः दुकानात येऊन बसल्या म्हणून. अब्बांनी त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि ते मागे वळून अम्मीला म्हणाले, "या बाईबरोबर जाऊ दे. या पडायच्या नाहीत."

बाईंची तयारी आठवडाभर आधी सुरू व्हायची. फळ्यावर यादी. बूट पायाला सवयीचा हवा, नवा जोड थेट डोंगरावर नाही, आधी घरात घालून हिंडा. आत सुती मोजा, वर लोकरी. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. डोक्याला फडकं, गळ्यात शिट्टी, पिशवीत सुतळी, पट्टी, सेफ्टी पिना, मीठ-साखरेची पुडी. जड सामान पाठीशी लागून ठेवायचं. तेलकट खाणं नको. आमच्या दुकानामुळे बाईंनी सामानाची सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली, आणि मी फुलून गेले. मधल्या सुट्टीत मुली माझ्याभोवती जमायच्या आणि मी त्यांना सांगायची की बूट संध्याकाळी बघावा, दिवसभरानं पाय सुजलेला असतो. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, मागे टाच उचलता कामा नये. उतारावर उभं राहून बघा, बोटं पुढे आपटली तर तो जोड घेऊ नका. ही सगळी विद्या अब्बांची होती. मी ती माझी म्हणून वाटत होते. आणि कोणी विचारलं, तुझे वडील काय करतात गं, तर मी म्हणायची, "मिलिटरी सप्लायचा बिझनेस आहे." ते जमिनीवर पोत्यावर बसतात, समोर तिपायी लोखंडी ठोकळा असतो, आणि गिऱ्हाईक आलं की त्याचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतात, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या वर्गात सुनंदा होती. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या शेतकऱ्याची मुलगी, नगरला मामाकडे राहून शिकत होती. मामा एमआयडीसीत कामाला होते. सुनंदा बोलायला लागली की पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. तिचं 'हाय' आणि 'न्हाई' आणि 'लई' त्यांना गंमत वाटायची. तिला ते कळायचं, पण ती बोलणं बदलायची नाही. माझ्याशी तिचं जमलं, कदाचित माझीही घरची बोली वेगळी म्हणून. डब्यात तिच्याकडे बाजरीची भाकरी आणि ठेचा असायचा, माझ्याकडे अम्मीनं तुपागुळात कुस्करलेला चपातीचा मलिदा. आम्ही डबे सरळ बदलायचो.

पहिल्यांदा बाईंनी आम्हाला सरावासाठी चांदबीबीच्या महालावर नेलं. चढ फार नाही, पण आम्ही शहरातल्या मुली, निम्म्यातच धापा टाकत होतो. मी माझे घोटून घोटून चमकवलेले बूट घालून सगळ्यांच्या पुढे राहायचं ठरवलं होतं. सुनंदानं चपला काढून हातात घेतल्या आणि ती अनवाणी वर निघून गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती पायरीवर बसून वारा खात होती. बाई हसल्या, तिच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना म्हणाल्या, "चालणं हिच्याकडून शिका." ती थाप मला लागली हे मी आज कबूल करते. तेव्हा स्वतःशीही केलं नव्हतं.

पुढचा बेत मांजरसुंब्याच्या गडाचा होता. समोरून चढायचं आणि मागच्या खडकातल्या पायऱ्यांनी उतरायचं. बाई सुनंदाला म्हणाल्या, "या वेळी बूट पाहिजे. मागचा उतार वाईट आहे, सुटी खडी आहे, अनवाणी मी नेणार नाही."

"बाई, माझं पाय घट हायेत. काटा मोडंल, पन पाय न्हाई मोडायचा," सुनंदा म्हणाली.

मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. "बूट असेल तर ये. नसेल तर पुढच्या वेळी."

सुनंदा खाली बघत राहिली. तेव्हा मी सगळ्यांसमोर उठून म्हणाले, "बाई, मी देते तिला. आमच्याकडे ढीगभर पडलेत."

त्या संध्याकाळी मी अब्बांना विचारलं. त्यांनी तिच्या पायाबद्दल चौकशी केली आणि मान हलवली. असा रुंद चवड्याचा जोड आत्ता दुकानात नव्हता. "तिला घेऊन ये," ते म्हणाले. "पाय बघतो, माप घेतो. दोन आठवड्यांत तिच्या पायावर बांधून देतो."

"रविवारीच जायचंय, अब्बा."

"मग हा रविवार राहू दे. डोंगर कुठं पळून जातोय?"

मी हो म्हटलं. सुनंदाला दुकानात आणायचं माझ्या मनात एक क्षणही आलं नाही. अब्बा तिचा पाय मांडीवर घेणार, त्यांच्या बोटांना सोल्युशनचे काळे डाग, समोर तो ठोकळा, आणि सोमवारी वर्गाला 'मिलिटरी सप्लाय' कळणार. सुनंदा तसं सांगणाऱ्यातली नव्हती, हे आता कळतं. शिवाय मी सर्वांसमोर शब्द दिला होता, तोही मागे घेता येईना. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की केवळ शब्द पाळण्यासाठी मी ते केलं. त्यात ती पाठीवरची थापही कुठंतरी होती का? मला खात्रीनं नाही म्हणता येत नाही.

शुक्रवारी दुपारी अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले होते आणि अम्मी आत पडली होती. मी बाद पोतं उघडलं. मोठ्या, रुंद चवड्याचा एक जोड मला ठाऊक होता, कारण त्याचं कातडं इतकं मऊ होतं की तो पोत्यात टाकताना अब्बा हळहळले होते. डावा बूट बरा होता. उजवा मी वाकवला, कानाशी नेला. तो चरचरला. मी तो तसाच थोडा वेळ कानाशी धरून बसले. मग ओल्या फडक्यानं दोन्ही जिभांवरच्या फुल्या पुसल्या, उजव्याच्या कडेनं सोल्युशन भरलं, वर वरवंटा ठेवून दाबला, आणि वाळल्यावर असं पॉलिश केलं की तोंड दिसावं.

शनिवारी कॉलेजात सुनंदानं ते घातले आणि व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली. "आयो, लई भारी हायेत गं. एवढं भारी माझ्या बापाच्या पायात पन न्हाईत," ती म्हणाली. "नवं हायेत का?"

"नवेच समज," मी म्हटलं.

रविवारी सकाळी एसटी स्टँडवर थंडी मी म्हणत होती. बाई रांगेतून एकेकीचे पाय तपासत आल्या. लेस ओढून बघितली, मोजे बघितले. सुनंदापाशी वाकल्या आणि मग मान वर करून मला विचारलं, "शमीम, हे तू नीट पाहिलेस ना?"

"हो बाई."

त्या पुढे गेल्या. माझ्या शब्दावर त्यांनी ते सोडून दिलं. पुढे तीसेक वर्षं मी स्वतः मुलींच्या अशा रांगा तपासल्या. कोणी कितीही शपथेवर सांगो, मी प्रत्येक बूट काढायला लावून वाकवून बघायची. मुली मागे मला बूटवाल्या बाई म्हणायच्या. पालक कौतुक करायचे, बाई किती काळजी घेतात. निरोपाच्या समारंभात एका मुलीनं तर यावर भाषण केलं. मी मान खाली घालून बसले होते, आणि लोकांना वाटलं बाई विनयशील आहेत. आता रविवारी पोरंपोरी गाड्या काढून कळसूबाईला निघतात. कोणाच्या पायात महागातले बूट असतात, कोणाच्या साध्या सपाता, आणि फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. मला त्यांच्या तोंडाकडे बघणं जमत नाही. नजर सोलवर जाते.

चढताना सगळं छान झालं. सुनंदा पुढे होती आणि मागे वळून एकेकीला हात देत होती. वर पाण्याच्या टाक्याजवळ सावलीत आम्ही डबे सोडले. बाईंनी सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी दिलं, बूट काढून पायांना वारा द्यायला लावला. सुनंदानं उजवा बूट उपडा करून झटकला. बारीक खडी पडली.

"ह्याच्यात खडं जात्यात गं मगाधरनं. कुटनं जात्यात कळंना."

मी बूट हातात घेतला. चवड्याशी सोल सुटला होता आणि त्याला बोट जाईल एवढं तोंड पडलं होतं. माझ्या पिशवीत सुतळी होती. सुटलेला सोल सुतळीनं वरून आवळून कसा बांधायचा हे मीच मुलींना दाखवलं होतं. बाई पाच पावलांवर बसल्या होत्या. त्यांना हाक मारली असती तर त्यांनी आल्या वाटेनं सगळ्यांना परत उतरवलं असतं. किंवा सुनंदाला बूट काढून ठेव म्हटलं असतं, तरी ती अनवाणी हसत उतरली असती. पण बूट बाईंच्या हातात गेला असता, आणि मग स्टँडवरचा माझा 'हो बाई'. मी त्या फटीवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "वरून जात असतील. लेस घट्ट बांध."

तिनं बांधली. घट्ट, दुहेरी गाठ मारून, जसं मी शिकवलं होतं.

उतरताना मी तिच्या मागे होते. खडकातल्या पायऱ्या झिजलेल्या, त्यांवर खडी. चौथ्या की पाचव्या पायरीवर ओलं फडकं दगडावर आपटावं तसा आवाज झाला. सोल चवड्यापासून पूर्ण सुटून पायाखाली दुमडला होता. सुनंदा पुढे झुकली, हात हवेत गेले, आणि ती तीन-चार पायऱ्या खाली एका सपाट दगडावर पडली. फार खोल नव्हतं. पण उजवं पाऊल भलत्याच दिशेला वळलं होतं. ती किंचाळली नाही. एकदा "आई गं" म्हणाली. मी तिच्यापाशी पोहोचले तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं होतं, आणि ती मला म्हणाली, "बुटाला काय झालं बघ की. तुझ्या अब्बाचा हाय. रागवतील तुला."

पुढचं सगळं बाईंनी केलं. चाकूनं बूट कापून पाय मोकळा केला, दोन बाजूंनी काठ्या लावून ओढण्यांनी बांधला, ग्राउंडशीटमध्ये वाटेत भेटलेल्या एका मेंढपाळाच्या दोन काठ्या घालून झोळी केली. आम्ही आलटून पालटून ती उचलली. खाली रस्त्यावर कांदे नेणारा टेम्पो मिळाला. मी गोण्यांवर बसून तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात दाबायची.

घोट्याच्या हाडाचे तुकडे झाले होते. पाय वाचला, पण डॉक्टर म्हणाले तो पहिल्यासारखा होणार नाही. तीन-चार दिवसांनी तिचे मामा आणि सुपेकर बाई दुकानात आले. मामांच्या हातात कापडी पिशवी होती. त्यांनी ती अब्बांपुढे उलटी केली. कापलेला बूट पडला, वेगळा झालेला सोल पडला. मी तिथंच फळीपाशी पट्ट्यांची बक्कलं घासत होते.

"तुमच्या हितला हाय म्हनं," मामा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "पोरीचं कॉलेज गेलं. लग्नाचं काय हुतंय देव जाने. मी भांडायला न्हाई आलो. फकस्त इचारायला आलो, असला जोड लेकराला कसा दिला तुमी?"

अब्बांनी बूट उचलला. सोलच्या कडेवरून अंगठा फिरवला, तिथं माझ्या सोल्युशनचा पिवळट थर होता. अब्बांचा हात इतका गचाळ कधीच नव्हता. मग त्यांनी जीभ उलटून बघितली. खडू पुसला होता, पण कातड्याच्या बारीक सुरकुत्यांत तो थोडा राहिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंच म्हणाले, "शमीम, आत जा. पाहुण्यांना पाणी आण."

मी पडद्यामागे गेले आणि हातात तांब्या धरून उभी राहिले. अब्बांचं मराठी स्वच्छ ऐकू येत होतं. "जोड माझ्या दुकानातला आहे. माझ्या हातानं दिला. नजर चुकली माझी. पोरीचा मी गुन्हेगार आहे."

"अहो, पण शमीम म्हणाली होती की तिनं..." बाई बोलायला लागल्या.

"तिला काय कळतं, बाई? लहान आहे. मी दिला, तिनं नेला."

पाणी घेऊन मी बाहेर आले तेव्हा मामा डोळे पुसत होते. बाईंनी पेला घेतला, पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी पेल्याकडे. त्या वेळी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. माझ्याच घरात, माझ्याच बापासमोर.

ते दोघे निघून गेले. त्या संध्याकाळी अब्बांनी बाद पोतं अंगणात ओतलं आणि रापीनं, कातडं कापायच्या हत्यारानं, एकेका बुटाचा वरचा भाग उभा चिरत बसले, परत कोणाच्या पायात जाऊ नये असा. रापी कातड्यातून जाताना घसघस आवाज होतो. अम्मीनं दोनदा जेवायला हाक मारली. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते. मला वाटत होतं की पोतं संपलं की ते मला बोलावतील. पोतं संपलं, त्यांनी हात धुतले आणि ते जेवायला बसले. पानात अम्मीनं केलेली मसूर होती. त्यांनी माझ्याकडे लोणच्याची वाटी सरकवली. तो विषय आमच्यात त्या दिवशी निघाला नाही आणि नंतरही कधी निघाला नाही. वर्गातल्या मुलींनी माझ्यामार्फत सामान मागवणं बंद केलं, कॉलेजात आमचा माल वाईट अशी बोलवा झाली, ती मी माझ्या कानांनी ऐकली आणि गप्प राहिले. सुनंदाला भेटायला मी एकदा तिच्या मामांच्या गल्लीपर्यंत गेले होते. कोपऱ्यावर उभी राहिले आणि परत फिरले. नंतर कळलं की तिला बेलापूरला नेलं.

अब्बांच्या शेवटच्या आजारात मी माहेरी जाऊन राहिले होते. रोज संध्याकाळी त्यांचे पाय चेपायची. रोज मनाशी वाक्य जुळवायची. एकदा ते स्वतःच म्हणाले, "काय सांगायचंय?" मी म्हणाले, "काही नाही अब्बा." त्यांनी डोळे मिटले. या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली.

गेल्या हिवाळ्यात सुपेकर बाई गेल्या. त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा एका जुन्या मैत्रिणीकडून समजलं, सुनंदा बेलापुरातच असते, मुलाचं खताचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी मी श्रीरामपूरची एसटी धरली.  ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. केस पांढरे, चष्मा, अंग भरलेलं.

"मी शमीम," मी म्हटलं.

तिनं चष्मा सावरून बघितलं. "भिंगारची? आगं बया! ये की वर." आणि मी टेकते न टेकते तोच म्हणाली, "तुझे अब्बा वारले तवा मला कुनी कळवलं न्हाई गं. त्या साली आले न्हाईत, तवा मीच वळखलं."

"कुठं आले नाहीत?"

"हितं. दर साली यायचे की दिवाळीनंतर. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत नव्हतं. घरी ते सांगायचे, राहात्याला माल बघायला जातो. सुनंदानं ते बेलापूरला आल्याचं सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी तिच्या वडिलांनी त्यांना दारातून परत पाठवलं होतं. दुसऱ्या वर्षी आत घेतलं. ते खाली बसायचे, तिचा पाय मांडीवर घ्यायचे, माप घ्यायचे. एक पाय आखूड पडत होता, म्हणून त्या टाचेला उंची देऊन जोड बांधून आणायचे, पुढे ती गावातच सासरी गेली तर तिथंही. "मला लाज वाटायची वडीलमानसानं पाय धरल्याली. म्हनायचे, पोरी, ह्योच माझा धंदा हाय. आन जाताना दरखेपेला, माफ कर, नजर चुकली माझी. आता काय, चूक झाली हुती त्यांची, पन असा मानूस मी दुसरा न्हाई बघितला. आता पोरगा श्रीरामपुरातनं करून आनतो तसाच, त्यांचा जुना जोड दाखवून."

मी तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. पोतं, फुली, सोल्युशन, स्टँडवरचा होकार. टाक्यापाशी फटीवर ठेवलेला अंगठासुद्धा सांगितला, ते तिला माझ्याशिवाय कोणीही सांगू शकलं नसतं. तिचे हात मेथीत तसेच राहिले. आतून सुनेनं चहा आणून ठेवला आणि आमची तोंडं बघून ती परत गेली.

"म्हंजे त्यांची चूक नव्हतीच," शेवटी ती म्हणाली.

"नव्हती."

"आन दर साली ते माझ्यापुढं हात जोडायचे." तिनं चष्मा काढला. "पायाचं मी कवाच इसरले, शमीम. संसार झाला, पोरंबाळं झाली. पन त्यांनी म्हातारपनी एसटीनं हितं यायचं, माझ्या बापाचं बोलनं खायचं, आन तू घरात बसून ऱ्हायचीस? त्यांना तसंच जाऊ दिलंस?"

 माफीचा शब्द मी येताना तयार ठेवला होता, पण तो आता तिच्याकडे मागायचाच राहिला नव्हता. चहा गार झाला. तिनं मला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी उठले तशी तीही भिंतीला धरून उठली, लंगडत ओट्याच्या कडेपर्यंत आली आणि म्हणाली, "नगरला गेलीस की आदी त्यांच्याकडं जा. त्यांना सांग, सुनंदाला कळलं म्हनून."

आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. अम्मीसुद्धा कधी गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. आत शिरायचं धाडस झालं नाही, बाहेरच्या भिंतीपाशी उभी राहिले. कडुलिंबाच्या पलीकडची कबर त्यांची, एवढं माझ्या धाकट्या भावानं तेव्हा सांगितलेलं ठाऊक होतं. मागे रस्त्यावरून रिक्षा, ट्रक चालले होते. मी डोक्यावरची ओढणी नीट केली आणि म्हणाले, "अब्बा, जोड मी दिला होता. सुनंदाला सांगितलंय." ट्रकचा आवाज जाईपर्यंत थांबले. मग पुन्हा एकदा म्हणाले, जरा मोठ्यानं.